‘विमान आणा, हॉटेल टाका’ म्हणे!

सातारा, कराड, सांगलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: निवृत्त प्रवासी विमानं भंगाराच्या भावात मिळतात. इंजिनासकट एक घ्यायचं, कराडच्या धावपट्टीवर उतरवायचं, ट्रेलरवर टाकून हायवेला आणायचं आणि आत टेबलं मांडायची. अ‍ॅल्युमिनियम असल्यामुळे गंजायची भीती नाही, आत एसी असतोच, चाकं असल्यामुळे परवानगीची भानगड नाही. वर ‘मिग-२१ पण मिळतं’ अशी पुडी सोडलेली.

जुन्या विमानांच्या नादी लागलेल्या आमच्यासारख्यांना असं विमान आपल्या भागात आलेलं हवंच आहे. म्हणूनच हे मुद्दे एकेक करून बघू.

“कराडला उतरवू.” कोयना प्रकल्पाच्या काळातली ही धावपट्टी सुमारे १,२८० मीटरची, लहान विमानांसाठीची. एअरबस ए-३२०सारखं नेहमीचं प्रवासी विमान अगदी रिकामं केलं तरी इंजिनांसह ४० टनांच्या आसपास जातं, म्हणजे लांबीच्या आधी धावपट्टीचा थर ते वजन पेलेल का हेच विचारावं लागेल. २००४ साली जोहान्सबर्गच्या छोट्या रँड विमानतळावर संग्रहालयासाठी चक्क बोईंग ७४७ उतरवलं होतं, असा दाखला कोणी देईल. खरा आहे. पण ते विमान त्या दिवशी उडण्याच्या अवस्थेत होतं. भंगारात निघालेल्याची नोंदणी रद्द झालेली असते. ते उडत कुठे जात नाही.

“इंजिनासकट मिळतं.” नाही मिळत. निवृत्त विमानात सगळ्यात जास्त किंमत इंजिनांची, मग लँडिंग गियर (चाकं आणि त्यांचे पाय), शेपटीतलं छोटं सहायक इंजिन आणि कॉकपिटमधली उपकरणं. ही आधी उतरवून विकली जातात. उरतो तो सांगाडा, म्हणून तर तो स्वस्त.

इथे एक गोम आहे. ए-३२०ची इंजिनं मुख्य चाकांच्या पुढे लटकतात, प्रत्येकी सुमारे २.४ टनांची. ती काढली की तोल मागे सरकतो. त्यात हौशी मालक भटारखाना आणि पाण्याची टाकी शेपटीकडे टाकतो, आणि नाक वर उचलून विमान शेपटीवर बसतं. विमान चाकांवर ठेवायचं असेल तर शेपटीखाली काँक्रीटच्या पायावर आधार द्या आणि नाकात वजन भरा. चाकं नसतील तर लोखंडी घोड्यांवर ठेवा, पण घोडी आतल्या फ्रेमच्या, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या कड्यांच्या, बरोबर खाली यायला हवी. दोन फ्रेमच्या मध्ये नुसता पत्रा असतो, तो दबतो. घोडी आणि पत्रा यांच्यामध्ये जाड रबर हवंच.

“ट्रेलरवर टाकायचं.” ए-३२०चं धड ३.९५ मीटर रुंद, ४.१४ मीटर उंच, नाकापासून शेपटीपर्यंत लांबी ३७.५७ मीटर. लो-बेड ट्रेलरचा पाटा जमिनीपासून मीटरभर धरा. उंची पाच मीटरच्या वर गेली, आणि पंख जोडतात तिथला पोटाचा फुगवटा वेगळाच. २०१९ मध्ये दुर्गापूरला, २०२१ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ, २०२२ मध्ये आंध्रात बापटला जिल्ह्यात आणि २०२३ मध्ये बिहारमध्ये मोतिहारीला अशीच विमानं पुलाखाली अडकली. निघण्याआधी प्रत्येक पूल, कमान आणि वीजतार काठी लावून मोजायची. कागदावरच्या उंचीवर विसंबू नका, डांबराचे नवे थर चढत गेले की पुलाखालची मोकळी उंची घटते. पुण्याकडून येताना खंबाटकीच्या वळणांवर अखंड धड घालायचा विचारही नको.

म्हणजे तुकडे करणं आलं, आणि खरी जोखीम तिथेच. कापण्याआधी पंखांतल्या टाक्या रिकाम्या करून वाफ घालवायची. ऑक्सिजनचे सिलिंडर, सुटकेच्या घसरगुंड्यांच्या दाबाखालच्या बाटल्या, आगविझवणीच्या बाटल्यांची स्फोटक काडतुसं आणि हायड्रॉलिकमध्ये साठलेला दाब जाणकाराकडून काढून घ्यायचा. गॅस कटर अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि भिंतीत इन्सुलेशनच्या गाद्या असतात. चकतीची करवत वापरा आणि दोन फ्रेमच्या मधोमध कापा, म्हणजे दोन्ही बाजूंना फ्रेम शाबूत राहते आणि पट्ट्या लावून रिव्हेटने पुन्हा जोडता येतं. आतला पिवळट-हिरवा प्रायमर क्रोमेटचा असतो. त्याची धूळ कर्करोगकारक आहे, तेव्हा कोरडा घासू नका आणि साधा रुमाल बांधून भागवू नका.

“अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही.” लोखंडासारखं तांबडं होत नाही, एवढंच. विमानाच्या पत्र्यात तांबं मिसळलेलं असतं. वरच्या शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ थरावर ओरखडा पडला की पांढरी भुकटी सुटते आणि कडा पापुद्र्यासारख्या फुगतात. स्टीलचा बोल्ट आणि ओल एकत्र आली की आणखी लवकर. पोटाखाली पाणी निघायला छोट्या झडपा असतात. हवेत दाबाने त्या मिटतात, जमिनीवर उघड्या राहतात. फरशी बसवणारा कारागीर नेमक्या त्याच सिलिकॉनने बुजवतो. मग भिंतीतल्या इन्सुलेशनच्या गाद्या पाणी पितात आणि धड आतून खराब होतं. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पावसात हे फार दिवस लपत नाही. सांगलीत नदीकाठची जागा तर घेऊच नका. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि पोकळ धड पुराच्या पाण्यात तरंगू पाहतं.

“आत एसी असतोच.” तो इंजिनाच्या हवेवर चालतो. इंजिन गेलं, एसी गेला. खिडक्या उघडत नाहीत. वेगळा डक्टचा एसी लागतो, आणि स्वयंपाक बाहेर शेडमध्येच.

परवानगीचं काय? माणसं बसून जेवणार म्हटल्यावर जमिनीचा वापर, अग्निसुरक्षा, अन्न परवाना हे सगळं कुठल्याही ढाब्यासारखंच. चाकं असल्याने काही सुटत नाही.

मिग-२१ आपल्या हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला निवृत्त झालं. लढाऊ विमानं अशी मेसेजवर विकायला नसतात. हवाई दल ती प्रदर्शनासाठी संस्थांना देतं, तीही तोफा आणि इजेक्शन सीटची काडतुसं काढून.

एवढं वाचूनही हौस टिकली असेल तर फक्त नाकाचा भाग घ्या, कॉकपिटपासून पुढच्या दारामागच्या फ्रेमपर्यंत. सहा-सात मीटरचा तुकडा. रुंदी तीच, त्यामुळे ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरच्या मालवाहतुकीची, परवानगी लागतेच आणि पूल मोजावेच लागतात, पण घाटाची वळणं निघतात आणि एका क्रेनमध्ये काम होतं. पैसे देण्याआधी निर्मात्याच्या अनुक्रमांकाची पट्टी जागेवर आहे का ते बघा. विकताना ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं बऱ्याचदा रंगाने पुसतात. अनुक्रमांक हाती असला की ते विमान कुणाकडे, कधी, कुठल्या नोंदणीने उडालं हे काढता येतं.