सोटो गेला, आता तरी पुरे करा!

बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, संपली की न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसात हिवाळाभर एकच दळण: कोणाला घ्या, कोणाला द्या. त्यात न्यूयॉर्क यांकीज संघाचे चाहते म्हणजे कहर. डिसेंबर 2024 मध्ये यांकीजचा फलंदाज हुआन सोटो 15 वर्षं, 76.5 कोटी डॉलरच्या करारावर न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाकडे, मेट्सकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी 'गद्दार', आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत 'बरं झालं गेला, फील्डिंग कुठे येत होती त्याला!' अरे, परवापर्यंत त्याच्या नावाची जर्सी घालून मिरवत होतास ना? मग यांकीजकडे पिचर (चेंडू टाकणारा) मॅक्स फ्रीड आला, 8 वर्षं, 21.8 कोटी डॉलर. लगेच 'पिचरला एवढी वर्षं कोण देतं?' नसता घेतला तर 'मालक कंजूस' हे ठरलेलंच.

आणि अदलाबदलीचे एकेक प्रस्ताव! आपली तीन टाकाऊ पोरं द्यायची आणि समोरच्या संघाचा हुकमी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) उचलायचा. समोरचे काय दूधखुळे आहेत?

मुळात 2024 ची वर्ल्ड सिरीज यांकीजच्या हातून कशाने गेली? पाचवा सामना, 5-0 ची आघाडी. यांकीजच्याच ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला, आणि त्याच इनिंगमध्ये त्यांचा पिचर गेरिट कोल फलंदाजाला बाद करायला पहिल्या बेसकडे धावायचं सोडून नुसतं बोट दाखवत राहिला. बेसवर धावत जायला कुठला नवा करार लागतो? पण हे बोललं की उत्तर तयार: 'तू क्रिकेटवाला, तुला काय कळणार!'

बरं बाबा, नाही कळत. पण त्या प्रिंटरसमोरून हल आता, मला दोन पानं काढायचीत.