कमी पटाच्या शाळा बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. आमच्या माहेरच्या ग्रुपवर तो माझ्या मामेभावाने टाकला आणि खाली चार जणांनी लगेच अंगठे दिले. मजकूर थोडक्यात असा: राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या जवळपास 15 हजार शाळा आहेत. दहा-बारा मुलांवर दोन-दोन शिक्षकांचे लाखांचे पगार चालू आहेत. गुरुजींची स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत. शिकवणं शून्य, म्हणून लोकांनी मुलं काढून घेतली. या शाळांना कुलूप लावा, मुलं गाडीने मोठ्या शाळेत न्या, पैसा वाचेल.

मी अकरा वर्षं सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. यंदा आमचा पट 13. म्हणजे हा मेसेज माझ्या शाळेबद्दलच आहे, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

"शिकवणं शून्य, म्हणून पट घसरला."

सगळा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून आधी याचा हिशोब. आमच्या वाडीची लोकसंख्या अडीचशेच्या आसपास. महाराष्ट्रात वर्षाला हजार लोकांमागे साधारण 15 जन्म होतात. अडीचशे माणसांच्या वाडीत त्या हिशोबाने वर्षाला चारसुद्धा मुलं जन्माला येत नाहीत. पहिली ते चौथी हे चार वर्ग धरले तर झाली पंधरा. वाडीतलं झाडून प्रत्येक मूल आमच्याच शाळेत आलं आणि मी जगातली सर्वांत हुशार बाई असले, तरी हा पट वीसवर जाणार नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 निघाला. घराघरांत दोन किंवा एकच लेकरू आहे. ज्या कुटुंबनियोजनाचं आपण कौतुक करतो, त्याचाच हा परिणाम आहे, आणि त्याचं खापर शाळेवर फुटतं आहे.

काही मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली, हे खरं आहे. आमच्याकडची दोन गेली. त्यांच्या वडिलांकडे पिकअप आहे. राहिली कोण, तेही बघा: मजुरीवर जाणाऱ्यांची, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची, आणि कितीतरी घरांत मुलगा इंग्रजीला अन् मुलगी जिल्हा परिषदेत अशी वाटणी झालेल्यांची. माझ्या तेरांत आठ मुली आहेत. फी भरू शकणारे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांना "उरलेली" म्हणणं मला फार लागतं.

"शून्य" म्हणजे नक्की किती?

"असर"ची ग्रामीण भारताची पाहणी मुलांच्या घरी जाऊन वाचन तपासते. तिसरीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येतो का, हा त्यातला एक प्रश्न. सरकारी शाळांत असं वाचणारी मुलं 2018 मध्ये 20.9 टक्के होती, कोरोनानंतर 2022 मध्ये 16.3 झाली आणि 2024 मध्ये 23.4 वर आली. खासगी शाळांत हेच आकडे 40.6, 33.1 आणि 35.5. खासगी पुढे आहे, ते मी नाकारत नाही, आणि आमचा आकडा मला मान खाली घालायला लावतो. पण कोरोनाआधीच्या पातळीच्या वर गेली ती सरकारी शाळा. खासगी अजून तिथे पोचलेली नाही. शिवाय घरी शिकलेली आई आणि संध्याकाळची शिकवणी असलेलं मूल एकीकडे, आणि घरातलं पहिलंच शाळेत आलेलं मूल दुसरीकडे. दोघांच्या मार्कांची वजाबाकी केली तर शिक्षक कळत नाही, घर कळतं.

आमचा वर्ग कसा चालतो तेही सांगते. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. पहिलीची तीन मुलं फरशीवर खडूने अक्षरं गिरवतात, दुसरीची चार चिंचोक्यांचे दशक बांधतात. यंदाची एक मुलगी घरी ठाकर आदिवासींची ठाकरी बोली बोलते, जूनमध्ये तोंडच उघडत नव्हती. तिच्या बोलीतले शब्द मी फळ्यावर लिहिले, शेजारी पुस्तकातले. ऑगस्टमध्ये तिने स्वतः येऊन खडू मागितला. पन्नासच्या वर्गात ती मला दिसली तरी असती का, सांगता येत नाही. तेरांत दिसली.

आणि मोठी उदाहरणं हवीत तर तीही आहेत. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ रणजितसिंह डिसले यांना मिळालं, ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचा पट काही वर्षांपूर्वी बोटांवर मोजण्याइतका उरला होता. 2025 मध्ये तीच शाळा जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी पहिल्या दहांत निवडली गेली. या मेसेजचा नियम तेव्हा लावला असता तर तिला कधीच कुलूप लागलं असतं.

"पैसा वाचेल."

2023 मध्ये पुढे आलेले आकडे असे: 20 पेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा, त्यांत 1,85,467 मुलं आणि 29,707 शिक्षक. शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. एका मुलामागचा खर्च जास्त दिसतो, कारण भागाकार बाराने होतो. पण शाळा बंद झाली म्हणून शिक्षकाचा पगार बंद होत नाही, त्याचं समायोजन दुसरीकडे होतं. पैसा वाचायचा तर पदंच रद्द करावी लागतील. मग तसं उघड म्हणा. 2024 मध्ये शासनाने अशा शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचा निर्णय काढला, तेव्हाच दिशा कळली होती. आणि "लाखांचे पगार" लिहिणाऱ्यांनी हेही लिहावं की नवा शिक्षणसेवक पहिली तीन वर्षं महिना 16 हजारांवर काम करतो.

"एक विद्यार्थी, एक शिक्षक" असा फोटो मेसेजला जोडलेला आहे. अशी शाळा आहे. वाशिम जिल्ह्यातलं गणेशपूर, वस्ती दीडशेच्या आसपास, बातमी जानेवारी 2023 ची. तिथले गुरुजी एका मुलासाठी रोज येऊन सगळे विषय शिकवत होते. मला त्या फोटोत उधळपट्टी दिसत नाही.

"गाडीने न्या."

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्याहून पुढची शाळा साडेतीन किलोमीटरवर. मध्ये ओढा, त्यावर साकव. जुलैत साकवावरून पाणी वाहतं तेव्हा मोठी माणसंसुद्धा एकमेकांचे हात धरून उतरतात. वाहतूक भत्ता आहे महिना 600 रुपये. आमच्या रस्त्याला जीपवाला त्या पैशांत येत नाही. सहा वर्षांच्या मुलीला आई कुणाबरोबर पाठवेल? चार दिवस पाठवेल, पाचव्या दिवशी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवेल. हजेरीपटावर नाव राहील आणि शाळा सुटलेली असेल.

इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं 2022 मध्ये शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. शाळा बंद करणार असाल तर दप्तरं घ्या आणि शेळ्या द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून केलेल्या मोठ्या शाळांची, नावं नेहमी पुढे केली जातात. पानशेतचा रस्ता आणि आमचा साकव एक नाही.

"गुरुजींची पोरं इंग्रजी शाळेत." बऱ्याच जणांची आहेत, आणि मला ते खटकतं. माझी मुलगी चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होती. पण गुरुजींनी कुठे घातली म्हणून वाडीतल्या मुलांची शाळा का काढून घ्यायची?

शाळा आळशी शिक्षकामुळे बिघडते, हे मला ठाऊक आहे. तसे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्यावर कारवाई करा, मी पहिली सही करीन. आम्हाला बीएलओच्या म्हणजे मतदारयाद्यांच्या कामातून, सर्वेक्षणातून, रोजच्या ऑनलाइन माहितीतून सोडवा. रिक्त जागा भरा. चौथीनंतर मुलींसाठी पुढची सोय करा.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीने परवा ठराव केला: शाळा वाडीतच हवी. त्यावर अठ्ठावीस सह्या आणि नऊ अंगठे आहेत. अंगठा देणाऱ्यांत चौथीतल्या एका मुलीची आजी होती. अंगठा उमटवायच्या आधी तिने नातीला बोलावलं आणि ठराव पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लावला. पोरीने "व्यवस्थापन" शब्द एकदा अडखळून, दुसऱ्यांदा नीट वाचला. मगच म्हातारीने शाईत बोट बुडवलं.