नोटा मोजणाऱ्याने पित्त मोजू नये?

यकृताच्या ऑपरेशनवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. ऑपरेशनआधी तुंबलेलं पित्त बाहेर पिशवीत न काढता आतड्यात सोडलं तर कापून उरलेलं यकृत पुन्हा नीट वाढतं, असं मी त्यात लिहिलं होतं, आणि एका डच चाचणीचा दाखला दिला होता. नाव नाही, नुसतं 'एक डॉक्टर'. ती अशी: "रोज दोन लिटर पित्त हा आकडा कुठून काढलात? उंदरांचे निष्कर्ष माणसाला लावू नका. डच चाचणीतले मृत्यू यकृत न वाढल्याने झाले, असं त्यात कुठेही नाही. नोटा मोजणाऱ्याने पित्त मोजू नये."

महोदय, पहिलं मान्य. यकृत दिवसाला साधारण 500 ते 1000 मिलिलिटर पित्त तयार करतं. दोन लिटर ही माझी चूक. झालं समाधान?

आता तुमचं शेवटचं वाक्य. 31 वर्षं मी बँकेत होतो, त्यातली 12 कॅशला. लाज वाटावी असं त्यात काय आहे? बडोद्याच्या दांडिया बाजारात आमची ही तिसरी पिढी, पण समोरच्याच्या नोकरीवरून त्याचं तोंड बंद करायची रीत मी इथे तरी पाहिली नाही. तुम्ही डॉक्टर आहात हेही मी तुमच्या शब्दावरच धरून चाललोय. असा बिनसहीचा चेक आला असता तर काउंटरवरूनच परत केला असता.

आणि पित्त मी मोजलंय. थोरल्या भावाला कावीळ झाली, पित्तनलिकेत अगदी यकृताच्या तोंडाशी गाठ निघाली. ऑपरेशनआधी बरगड्यांमधून नळी घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढलं, पीटीबीडी म्हणतात ते. 23 दिवस ती पिशवी मी रिकामी केली. सकाळी सहाला खालची तोटी उघडायची, मापात घ्यायचं, जमाखर्चाच्या जुन्या वहीत आकडा टाकायचा. पहिल्या दिवशी 640, दुसऱ्या दिवशी 710. सुरुवातीला काळपट हिरवं, पुढे मधासारखं. बोटाला लागलं की पिवळा डाग दुपारपर्यंत जायचा नाही.

त्या पिशवीतून काय वाया जातंय, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आतड्यात उतरलेल्या पित्ताम्लांपैकी जवळजवळ 95 टक्के लहान आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. ही परतफेडच यकृताला वर्दी देते. वाटेत पित्ताम्लं पेशीतल्या एफएक्सआर नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात, आतड्याच्या पेशी एफजीएफ19 नावाचं संप्रेरक सोडतात आणि कापलेल्या यकृताच्या वाढीला जोर मिळतो. 2006 साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात एफएक्सआर नसलेल्या उंदरांचं यकृत भरून यायला उशीर लागला. स्टेंट, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकून पित्त आतड्यात सोडलं तर ही वर्दी पोचते, पिशवीत काढलं तर नाही. माझा मुद्दा एवढाच होता. हो, उंदीरच होते! 1931 पासून दोन तृतीयांश यकृत कापून वाढ बघतात ती उंदरांतच. तुमच्या कॉलेजात काय वेगळं होतं?

अकराव्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी तेच पित्त गाळून नाकातल्या नळीने आतड्यात परत द्यायला सांगितलं. वहिनी खोलीबाहेर जायच्या, मी देत राहायचो. अर्धं यकृत काढल्यावर दीड महिन्याने सीटी स्कॅनमध्ये उरलेलं चांगलं भरून आलेलं दिसलं. एका रुग्णावरून काय सिद्ध होतं, असं तुम्ही म्हणणारच. म्हणा. पिशवी तुम्ही नव्हती धरली.

राहिली 2018 ची डच चाचणी, ऑपरेशनआधी पित्त काढायच्या दोन पद्धतींची तुलना करणारी. 54 रुग्ण. भावासारखा त्वचेतून नळी घालून निचरा केलेल्या 27 पैकी 11 दगावले, एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या 27 पैकी 3, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. कोण कशाने गेलं हा तपशील झाला, त्यावर पुन्हा केव्हातरी.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. लेखातले 'दोन लिटर' मात्र खोडलेत. वही अजून कपाटात आहे. खात्री करायची असेल तर सुरसागरच्या बाजूने कधीही या, फक्त येताना नाव घेऊन या.