शुगर, शतपावली आणि समोरच्या काकू

परभणीत व्यायामाला योग्य असं हवामान नसतंच. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं, डिसेंबरात कृषी विद्यापीठातली थंडी थेट टीव्हीच्या बातम्यात, आणि नेमकं त्याच विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळी फिरायला जायचं असतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, बूट एकेक किलोचा होतो. म्हणजे घरात बसायला बाराही महिने पुरावा हजर. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत मला निघाली शुगर.

डॉक्टर म्हणले आठवड्याला १५० मिनिटं चाला, आणि सलग दोन दिवसापेक्षा जास्त खाडा नको. चालल्यानं शरीर इन्सुलिनचं ऐकायला लागतं, पण तो असर एक-दोन दिवसच टिकतो, मग परत पहिले पाढे. मी लगेच हिशेब लावला की दोन दिवस खाडा चालतो म्हणजे दर तिसऱ्या दिवशी गेलं तरी कायद्यात बसतं. बायको म्हणली, "मग १५० मिनिटं कुठून आणताल?" आमच्या घरात गणित तिचंच पक्कं.

आता ह्या मोटिव्हेशनचं बगा. ते आमच्या नळासारखं आहे, कधी येईल भरवसा नाही, पण आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची घाई. मला ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी बूट, ट्रॅकसूट, पाण्याची बाटली आणि पावलं मोजायचं ॲप असं सगळं एका झटक्यात घेऊन बसलो. बूट मात्र खरंच लागतात, शुगरवाल्याला पायाला जखम झालेली लवकर कळत नाही म्हणून चप्पल घालून चालायचं नाही. ॲपचं मात्र काही सांगू नका. मी स्कूटीवर बाजारात जाऊन आलो तरी ते पावलं मोजतंय, खड्डेच तसे आहेत आमच्याकडं, आणि वर शाब्बास पण म्हणतंय. मी म्हणलं कौतुक आलंय तर नाही कशाला म्हणायचं.

सकाळच्या ग्रुपमधे एक रिटायर गुरुजी, एक खत-बियाणंवाले आणि एक सगळ्या विषयातले जाणकार. मी शुगर म्हणायचा अवकाश, एकजण कारल्याचा रस, एकजण मेथ्या, एकजण जांभळाच्या बियांची पूड. आणि हा सगळा सल्ला कुठं तर फिरणं संपल्यावर टपरीवर, गरम भजे खात खात. डॉक्टरांची एकच सूचना मला मनापासून आवडलेली, ती म्हणजे गोळ्या चालू आहेत तर खिशात साखरेची पुडी ठेवा. पण ती कधी खायची, तर हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, शुगर ७० च्या खाली गेली तरच. आणि परभणीत मे महिन्यात घाम कशाचा हे कोण ठरवणार? बायको पुड्या मोजून देती.

त्यात एवढ्या पहाटे उठून चालायचं आणि घरी येऊन बोट टोचून बगायचं तर उपाशीपोटीची शुगर कालच्यापेक्षा जास्त! हे काय म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणले, पहाटे लिव्हर आपल्या मनानं रक्तात साखर सोडतं. म्हणजे मी झोपेत असताना घरातलाच माणूस फितूर. आता ह्याला कसलं मोटिव्हेशन पुरणार हो?

मग त्यांनी सांगितलं, जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालून बगा, पायाचे स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची वाट न बगता साखर ओढून घेतात. आता रात्री जेवून गल्लीत चालणं म्हणजे वाटतं तेवढं सोपं नाही. उन्हाळ्यात सगळी गल्ली ओट्यावर. पहिल्या घरी "जेवलाव का?", दुसऱ्या घरी "बसा की जरा", तिसऱ्या घरी केशर आंबा कापून तयार, आणि नाही म्हणलं तर "एका फोडीनं काय होतंय". घरातून शुगर कमी करायला निघालेला माणूस गल्लीच्या टोकापर्यंत वाढवून पोचतो.

पण खरी नजर समोरच्या काकूंची. एक दिवस नाही गेलो की दुसऱ्या दिवशी गेटातूनच, "काल काऊन नाही दिसले? तब्येत बरी हाय ना? का घरात काही झालं?" आणि हे सगळं चार घरं ऐकतील अशा आवाजात. एका खाड्याचा खुलासा करायला अर्धा तास लागतो, चालायला पंधरा मिनिटं. ॲप, बूट, डॉक्टर, रिपोर्ट ह्या कशानं जमलं नाही ते काकूंनी जमवलं. खुलासा टाळायला म्हणून मी रोज चालायला लागलो, आणि जेवणानंतरचा आकडा आता बरा येतोय, हे काकूंना सांगितलेलं नाही.

मधे काकूंनाच शुगर निघाली. आता त्या ओट्यावर बसत नाहीत, माझ्यासोबत चालतात. डॉक्टरांनी वेगाची खूण सांगितलीय, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. काकूंचा वेग बरोबर हाय, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलणं अखंड चालू असतं. माझी परीक्षा तेवढी राहिलीय, कारण मला अजून बोलायला मिळालेलं नाही.