रडल्याने हाड जुळायचं थांबत नाही

नडगीचं हाड मोडून प्लॅस्टरमध्ये पाय घालून बसलेल्या माझ्या मामेबहिणीने परवा फोनवर विचारलं, "ताई, काल रात्री खूप रडले गं. आता हाड उशिरा जुळेल का?" हे खूळ तिच्या डोक्यात घातलंय 'हाड मनाने जुळतं' या फॉरवर्डने. तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय: एकदा रडलात की बरं होणं एक दिवस पुढे गेलं. दुखतंय म्हणाल तितकं जास्त दुखेल. वेदनाशामक गोळ्या दुबळ्या मनाच्या लोकांसाठी असतात. रोज आरशात बघून हसा, प्लॅस्टर निम्म्या वेळात निघेल. भीती झटका आणि चालू लागा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'परदेशात सिद्ध झालंय'.

आधी रडण्याचं बघू. हाड मोडतं तिथे रक्त साकळतं, मग मऊ कूर्चा धरते, तिचं कठीण हाड होतं आणि त्याची घडण पुढे कित्येक महिने चालू राहते. याला किती वेळ लागेल हे हाड कुठे आणि कसं मोडलं, तिथला रक्तपुरवठा कसा आहे, वय किती, मधुमेह आहे का, यावर ठरतं. सिगारेटने हाड जुळायला खरोखर उशीर होतो, पण तिच्याबद्दल त्या फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. सगळा राग बिचाऱ्या अश्रूंवर.

'सिद्ध झालंय' यात अर्धं सत्य आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करते. मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांचा 1995 चा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची देखभाल करणाऱ्या 13 बायका आणि तसा भार नसलेल्या 13 बायका घेतल्या, प्रत्येकीच्या हातावर 3.5 मिलिमीटरची छोटी जखम केली. देखभाल करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. म्हणजे ताणाने जखम रेंगाळते, हे खरं. पण ती जखम कातडीची होती, हाडाची नव्हे. आणि ताण होता दीर्घकाळ चाललेल्या सेवेचा, एका रात्रीच्या रडण्याचा नव्हे. शिवाय त्या बायका रुग्ण नव्हत्या, रुग्णाची उस्तवार करणाऱ्या होत्या! या अभ्यासातून काही घ्यायचंच असेल तर घरात अंथरुणाशी राबणाऱ्या माणसाचं ओझं कमी करा. पडलेल्या माणसाला 'हस' म्हणून दटावा, असं त्यात कुठेही नाही.

आरशाबद्दल काय बोलायचं? हसावंसं वाटलं तर हसा. प्लॅस्टर कधी काढायचं ते एक्स-रे बघून ठरतं.

मला खरी चीड आहे ती 'दुखण्याबद्दल बोलू नका' याची. बहिणीच्या पायाची बोटं सुजून बधिर होत होती आणि तिने ते कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण 'नकारात्मक बोलायचं नाही'. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्याच दिवशी जाऊन प्लॅस्टर कापून सैल करून घ्यावं लागलं. प्लॅस्टरच्या आत दुखणं वाढतच जातंय, गोळीनेही थांबत नाही, बोटं हलवली की कळ येते, मुंग्या येतात, तर तो कंपार्टमेंट सिंड्रोम असू शकतो. त्यात आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कायमचं नुकसान होतं. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे पाय गमावण्याची तयारी. आणि मनाचंच म्हणाल तर, मनातली घालमेल लिहून काढणाऱ्यांच्या जखमा लवकर भरल्याचे छोटे प्रयोगही झालेत. म्हणजे फॉरवर्डच्या नेमकं उलट.

गोळ्यांचं थोडक्यात. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक ठरल्या मात्रेत घेतली की झोप लागते आणि दुसऱ्या दिवशीचा व्यायाम होतो. दात-ओठ खाऊन जागं राहण्यात कसला पराक्रम?

भीतीचा मुद्दा तेवढा पूर्ण चुकीचा नाही. पुन्हा पडू या धास्तीने माणूस पाय टेकवतच नाही, मग स्नायू झिजतात, सांधा आखडतो आणि भीती आणखी वाढते. पण ती झटकल्याने जात नाही. फिजिओथेरपिस्ट आधी थोडा भार द्यायला सांगतात, मग वॉकर, मग काठी, आणि हाडाने किती सोसायचं ते डॉक्टर सांगतात. फॉरवर्ड वाचून उठून चाललात तर जुळत आलेलं हाड सरकू शकतं.

चिडचिड, रडू, दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची लाज, हे सगळं अशा काळात होतंच. मात्र दोन आठवडे उलटूनही मन उदासच आहे, कशातच रस नाही, व्यायामही नको वाटतो, असं असेल तर पुढच्या तपासणीला पायाबरोबर तेही डॉक्टरांना सांगायचं. जगणंच नको वाटू लागलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सांगायचं. त्यावर उपचार असतात.