खारघरच्या ताईंना उत्तर: रबराचा थर, साबणाची चव आणि दुधी

माझ्या ग्लुटेन-फ्री चॉकलेट-झुकिनी ब्रेडच्या (झुकिनी म्हणजे काकडीसारखी दिसणारी विलायती भाजी) पाककृतीखाली खारघरहून आलेली प्रतिक्रिया थोडक्यात अशी: ‘नाव हेल्दी आणि गूळ वाटीभर! तंतोतंत करूनही खाली रबरासारखा थर आणि साबणासारखी चव. ठाण्यात दुधी मिळत नाही का? ग्लुटेन-फ्री म्हणजे पैसेवाल्यांचं फॅड. (दही नव्हतं म्हणून दूध घातलं, एवढाच बदल.)’

ताई, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती, त्यामुळे हे मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. तिसऱ्यांदा लक्षात आलं की रबराच्या थराचं खापर माझ्याच डोक्यावर फुटायला हवं.

मी लिहिलं होतं, ‘दीड वाटी कीस, पिळून’. पिळण्याआधी दीड वाटी की पिळल्यावर? तुम्ही पिळलेला कीस दाबून दीड वाटी भरला असणार, म्हणजे झुकिनी भलतीच जास्त गेली. तिच्यात जवळजवळ 95 टक्के पाणी. काल पुन्हा वजन करून पाहिलं: 300 ग्रॅम कीस पंच्यात घट्ट पिळला तर 90 ग्रॅमच्या आसपास पाणी निघालं, आणि तरीही आत भरपूर उरतं. ते ओव्हनमध्ये सुटतं. गव्हाच्या पिठात ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी हवा आणि ओल धरून ठेवते. नाचणी, ज्वारी, तांदूळ यांच्यात ती नाही. म्हणून मी चमचाभर इसबगोल घालते आणि घोळ अर्धा तास झाकून ठेवते, म्हणजे पीठ भिजतं आणि कचकच राहत नाही. एवढं करूनही गरम असताना कापलात तर मधला भाग गिच्चच लागतो, कारण पिठातला स्टार्च थंड होताना घट्ट बसतो. दोन तास थांबायचं. घरभर चॉकलेटचा वास सुटल्यावर कोण थांबतं, हे मला माहीत आहे.

साबणाची चव मात्र मी माझ्याकडे घेणार नाही. दह्याच्या जागी दूध, मग ‘तंतोतंत’ कसं हो? खायच्या सोड्याला आंबट काहीतरी लागतं. साधी कोको पावडर थोडी आम्ल असते, पण पाकिटावर ‘अल्कलाइज्ड’ (म्हणजे आम्लपणा काढलेली) लिहिलेलं असेल तर तीही मदतीला येत नाही. उरलेला सोडा तसाच जिभेवर येतो.

गुळाचं तुमचं बरोबर. अख्ख्या ब्रेडमध्ये 120 ग्रॅम, 12 तुकडे केले तर तुकड्याला 10 ग्रॅम. गूळ साखरेपेक्षा फार वेगळा नाही, कॅलरी जवळपास तेवढ्याच. मैद्याच्या जागी नाचणी आली, तिच्यात 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, एवढा फायदा खरा. पण हा केकच आहे, भाजी नव्हे. शीर्षकातला ‘हेल्दी’ मी आज काढून टाकला.

आता फॅड. ज्याला काही त्रास नाही त्याने ग्लुटेन सोडून तब्येत सुधारेल या आशेवर राहू नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर. पण माझ्या भाचीला सिलिअ‍ॅक आहे. तिच्या लहान आतड्याचं अस्तर गव्हाने झिजतं. रवा, मैदा, शेवया तर नाहीतच, पण ‘जुना आहे, चालेल’ म्हणून कोणीतरी प्रेमाने देतं तो खपलीही गहूच. गिरणीत ज्वारी नेली तर आधीच्या गिऱ्हाइकाची कणीक तिच्यात येते. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. किलोभर ज्वारीच्या पिठात 10 ग्रॅम कणीक मिसळली तरी ग्लुटेन आठशे मिलिग्रॅमच्या घरात जातं. फोडणीतला खडा नसलेला हिंगसुद्धा पुष्कळदा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. त्या मुलीच्या वाढदिवसाला कापायला काहीतरी हवं म्हणून हा ब्रेड सुरू झाला. श्रीमंती त्यात कुठे बसवायची ते तुम्हीच सांगा.

दुधीवर मी सपशेल हरले. झुकिनी आता जांभळी नाक्यालाही दिसते आणि तुमच्या बाजूला वाशीचं एपीएमसी आहेच, पण तिच्यावाचून अडत नाही. कोकणात तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून, झाकणावर निखारे ठेवून धोंडस करतातच की! ग्लुटेनचं नावही कोणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून. रविवारी दुधीचा ब्रेड केला. साल आणि बियांचा मऊ भाग काढला. तो झुकिनीपेक्षा नीट कापला गेला, दुधीचा किंचित वास कोकोत लपला. फक्त किसण्याआधी कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. तो कडवटपणा विषारी असतो आणि भाजून जात नाही. झुकिनीलाही हेच लागू.

तर सुधारलेलं माप: 300 ग्रॅम कीस, पिळून 200 ग्रॅमपर्यंत आणलेला, दही चार मोठे चमचे, पर्याय नाही, ओटीजीत 170 अंशांवर पन्नास मिनिटं, मग सुरी घालून बघा. पिळून निघालेलं पाणी मी थालीपिठाच्या भाजणीत वापरते. पण आमच्या भाजणीत गहू असतो, त्यामुळे ती थालीपिठं भाचीच्या ताटात नाहीत.