तास कुणाचा? खोलीचा की हातांचा?

मी हिशेबी बाई आहे. घरात हा शब्द शिवीसारखा वापरतात, पण असो.

मध्यंतरी खांदा आखडला म्हणून एक तासाचा मसाज घ्यायला गेले. वेळ चारची. चारला दोन मिनिटं कमी असताना मी दारात हजर. फॉर्म भरला. कुठं दुखतं, बीपी आहे का, एखादं ऑपरेशन झालंय का, सगळी विचारपूस झाली. आत जाऊन कपडे बदलले आणि मनगटावरचं घड्याळ काढून ठेवताना सहज नजर गेली. ४ वाजून १० मिनिटं. मसाज झकास झाला, खोटं कशाला बोलू. 'सावकाश उठा हं ताई,' म्हणून थेरपिस्ट बाहेर गेली, मी घड्याळ उचललं, तर ४ वाजून ५६. ती आत येईपर्यंतचा वेळ वजा केला, तर अंगाला हात लागला तो जेमतेम ४४ मिनिटं. पैसे मात्र ६० मिनिटांचे.

खांदा मोकळा झाला होता, डोकं आखडलं.

माझ्या ओळखीतली एक जण बरीच वर्षं हेच काम करते. तिला फोन करून तावातावानं सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, "अगं, तास खोलीचा असतो. हातांचा नसतो."

मग तिनं जे सांगितलं त्यानं माझा निम्मा राग उतरला. एक माणूस टेबलावरून उठला की तेलकट चादरी काढायच्या, टेबल पुसायचं, नव्या चादरी घालायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, लागेल तिथे नोंद लिहायची, घोटभर पाणी प्यायचं. पुढचा माणूस बाहेर बसलेलाच असतो. बऱ्याच ठिकाणी थेरपिस्टला पैसे मिळतात ते मसाजचे, चादरी बदलायचे नाहीत. अंगठे आणि मनगटं जाणं हा या धंद्यातला नेहमीचा आजार. तासाला तास जोडून अपॉइंटमेंट घेतल्या, तर हे सगळं उरकायचं कधी? ते तुमच्या-माझ्या तासातूनच कापलं जातं. म्हणून पुष्कळ ठिकाणी 'एक तास' म्हणजे ५० मिनिटं मसाज आणि १० मिनिटं विचारपूस नि कपडे, असा हिशेब असतो. काही मोठ्या साखळ्या हे लिहूनही ठेवतात. बारीक अक्षरात, पण ठेवतात.

मानसोपचारातही ५० मिनिटांचा तास असतो आणि त्याबद्दल कुणी ओरडत नाही, कारण ते आधीपासून माहीत असतं. विमानाच्या तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही धरलेलं असतं, तेही चालतं. आपल्याला पोहोचण्याशी मतलब. मसाजमध्ये मात्र मी विकत घेते ते हातच. खोलीतला मंद दिवा आणि बासरी घरीही लावता येते.

आणि मिनिटांनी काय फरक पडतो, असं म्हणणाऱ्यांसाठी. २०१४ साली 'अ‍ॅनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन' या नियतकालिकात मानेच्या जुनाट दुखण्यावरचा एक अभ्यास आला होता. २२८ जणांचे गट पाडून चार आठवडे मसाजचे वेगवेगळे 'डोस' दिले. ३० मिनिटांचा मसाज आठवड्यातून दोन-तीनदा घेतलेल्यांना, काहीच न घेतलेल्यांपेक्षा म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ६० मिनिटांचा तितक्याच वेळा घेतलेल्यांना पडला. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, मान्य. पण मिनिटं हाच डोस असेल, तर बाटलीवर लिहिल्यापेक्षा औषध कमी निघालं तर आपण दुकानदाराला विचारतोच ना?

अर्ध्या तासाच्या मसाजचं गणित तर आणखी वाईट. सत्र छोटं म्हणून कपडे बदलायला कमी वेळ लागत नाही. दहा मिनिटं तासातून गेली तर सहावा हिस्सा गेला, अर्ध्या तासातून गेली तर चक्क तिसरा. दीड तासातून गेली तर नववा. त्यामुळे 'आधी छोटा घेऊन बघू' हा शहाणपणा वाटतो, पण दर मिनिटाला तोच महाग पडतो. (हे गणित मी कागदावर मांडलं. नवरा बघून उठून गेला.)

माझं भांडण त्या थेरपिस्टशी नाहीच. तिला घाईघाईनं आणखी दहा मिनिटं रगडायला लावून माझा तास भरून काढावा, असं मी मुळीच म्हणणार नाही. भांडण आहे ते दरफलक लिहिणाऱ्याशी. '५० मिनिटं मसाज' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि पैसे तेवढेच घ्या, मी मुकाट्यानं देईन. ६० चा आकडा गोल दिसतो म्हणून तो टांगायचा आणि कापाकापीची पाळी आली की टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीनं गिऱ्हाइकाची नाराजी झेलायची, हे काही बरोबर नाही.

परवा दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला तेव्हा सरळ विचारलं, "तासाच्या मसाजमध्ये अंगाला हात किती मिनिटं लागतो?" पलीकडे शांतता. मग "विचारून सांगते हं." पुन्हा शांतता. मग, "पन्नास, मॅडम." मी लगेच बुकिंग केलं.

आणि पोहोचले सात मिनिटं उशिरा. पन्नासातले सात गेले. ते कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे घरातल्या सगळ्यांनी मला न विचारता सांगितलं.